अमोनियाचा वास

नागपूरच्या कडेला, बेसा इथल्या आमच्या फ्लॅटमध्ये फिनाइल येत नाही. हा आईचा नियम आहे आणि त्यावर चर्चा होत नाही. फरशी ती लिंबाच्या सालींच्या पाण्यानं पुसते, न्हाणीघर सोड्यानं घासते. निवृत्त होईपर्यंत ती एका मोठ्या हॉस्पिटलात सफाई कामगार होती. वॉर्डातले संडास, बेडपॅन, ऑपरेशननंतरच्या फरश्या, सगळं तिच्याकडं. घरी आली की आधी मागच्या नळावर हात कोपरापर्यंत घासायची आणि मगच मला जवळ घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात.

तिनं मला भौतिकशास्त्रात पीएचडीपर्यंत शिकवलं. कॉलेजात नोकरी लागली त्या दिवशी तिनं वस्तीत पेढे वाटले आणि प्रत्येकीला सांगितलं, "माह्यी पोरगी आता खुर्चीवर बसन." शिक्षणाचा तिच्या लेखी अर्थ तेवढाच होता. खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि अंगाला वास नाही.

आणि मी काय केलं, तर अमोनिया घेऊन बसले.

आमच्या शहरात भौतिकशास्त्रातलं संशोधन म्हणजे बहुतेक वेळा फॉस्फर, अंधारात उजळणाऱ्या पावडरी. माझीही पीएचडी त्यातलीच. त्या कामाला मी नावं ठेवणार नाही, त्यानंच मला नोकरी दिली. पण एकदा एका ऑनलाइन व्याख्यानात शनीच्या टायटन नावाच्या चंद्राची चित्रं पाहिली आणि माझं मन तिकडंच राहिलं. तिथं इतकी थंडी की पाण्याचा बर्फ म्हणजे दगड. डोंगर त्याचेच. त्यातले काही डोंगर बर्फाच्या ज्वालामुखींनी उभे केले असावेत असा एक अंदाज आहे. पोटातून तापलेला रस नाही, तर पाणी आणि अमोनिया यांचा दाट, गार चिखल वर आला असेल. आता हा चिखल पातळ होऊन दूरवर पसरेल, की जागच्या जागी साचून उंच होईल? वक्ता म्हणाला, यावर प्रयोगशाळेतली मोजमापं फार थोडी आहेत.

मी मनात म्हटलं, अमोनिया तर आमच्या केमिस्ट्रीच्या कपाटात पडून आहे.

माझा प्रयोग साधा होता. एका काचेच्या नळीत अमोनियाचं पाणी. ती नळी एका डब्यात, आणि डबा द्रव नायट्रोजनच्या वाफेनं थंड केलेला. समोर एक छोटी खिडकी. मिश्रण हवं तेवढं गार झालं की वरून सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा सोडायचा आणि तो किती संथ खाली जातो हे मोबाइलच्या कॅमेऱ्यानं टिपायचं. नायट्रोजन बुटीबोरीकडच्या गॅस प्लांटमधून यायचा. गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला लागतो तोच. पहिल्यांदा कॅन ऑटोत चढवला तेव्हा ऑटोवाल्यानं विचारलं होतं, "मॅडम, म्हशीच्या दवाखान्यात आहे का तुम्ही?"

मिश्रण गार होत गेलं की आधी त्यातल्या पाण्याचा बर्फ वेगळा होतो, बारीक सुयांसारखा. उरलेल्या द्रवात अमोनियाचं प्रमाण वाढत जातं आणि सगळं तिळगुळाच्या पाकासारखं दाट होऊ लागतं. बाहेर मे महिना, पत्र्यावर पाय ठेवता येत नाही असं ऊन, आणि आत माझ्या डब्यात शून्याखाली नव्वद अंश. तो पहिला छर्रा मी खाली जाताना पाहिला तेव्हा मला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली. विभागात कुणी नव्हतं.

पण वास होता. अमोनियाची बाटली उन्हाळ्यात उघडायची म्हणजे आधी ती बर्फात ठेवावी लागते, नाहीतर झाकण सैल होताच वाफेचा लोट तोंडावर येतो. कितीही जपलं तरी वास केसांत बसतो, ओढणीत बसतो.

आईनं तो पहिल्याच संध्याकाळी ओळखला, वॉर्डातल्या संडासांचा वास तोच. मी दारात होते, चपला काढत होते.

"कोणाच्या हॉस्पिटलात गेली होती वं?"

"हॉस्पिटलात नाही. प्रयोग सुरू केला आहे. अमोनियाचा."

"कायचा?"

मी सांगितलं. शनी, चंद्र, बर्फाचे डोंगर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग उंबऱ्यातच माझी वाट अडवून उभी राहिली.

"माह्या जन्म गेला या वासात. तुले त्यातून बाहेर काढाले म्या काय काय नाई केलं. अन् तू सोताहून पुन्हा त्याच्यातच जाऊन राहिली? काहून? दुसरं काई नव्हतं का शिकाले?"

"आई, हे संशोधन आहे."

"वासाले काय मालूम संशोधन हाय म्हून?"

तिनं ओढणी माझ्या हातातून घेऊन बाहेर जिन्याच्या कठड्यावर टाकली. मी आंघोळ करून आले तर ताट वाढलेलं होतं आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली होती. त्यानंतर पुष्कळ दिवस आमचं बोलणं भाजी आणि गॅस सिलेंडर यापलीकडं गेलं नाही. मला तिचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरीही मला ते काम सोडायचं नव्हतं.

कॉलेजात वेगळाच प्रकार सुरू झाला. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी होते, गोड बोलणारे. स्टाफरूममध्ये ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. एके दुपारी त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्याजवळ बसलं की सरकारी हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतं बुवा. पण तुम्हाला काय, सवय असेल."

माझी आई काय काम करायची हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कुणी हसलं नाही, पण कुणी वरही पाहिलं नाही. मी जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं. "हो सर, सवय आहे," मी म्हटलं. "माझ्या आईनं आयुष्यभर तो वास सोसला म्हणून हॉस्पिटलं स्वच्छ राहिली. तुम्ही कधी भरती झालात तर तुम्हालाही त्याचा फायदा होईल."

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची स्टाफरूमच्या बाहेर, व्हरांड्यात होती. कुणी ठेवली ते कुणी सांगेना. मी ती उचलली आणि आत आणून होती त्याच जागी ठेवली, त्या सरांच्या शेजारी. त्यानंतरच्या दिवशी पुन्हा बाहेर. मी पुन्हा आत. जड लाकडी खुर्ची, हात लाल व्हायचे. असं बरेच दिवस चाललं. शेवटी खुर्ची बाहेर जायची थांबली आणि ते सर स्वतःच खिडकीपाशी जाऊन बसू लागले.

मग विभागप्रमुखांनी बोलावलं. स्वभावानं वाईट नव्हते ते, पण भानगड नको असायची त्यांना.

"मॅडम, विषय बदला ना. तुमचं फॉस्फरचं चांगलं चाललं होतं. हे शनीचं काय मागे लावून घेतलंत? लोक तर शनीला तेल वाहून टाळतात."

"आमच्या घरी कुणाला साडेसाती लागत नाही, सर."

ते कसंनुसं हसले. "पण तक्रारी आहेत. वासाच्या. मग असं करू, मागच्या इमारतीत ती खोली आहे ना, जुन्या लेडीज टॉयलेटला लागून. ती घ्या. तिथं वास कुणाला जाणवणार नाही."

ते माझ्याकडं पाहत होते. मी नाही म्हणेन आणि विषय मिटेल, असा त्यांचा हिशेब असावा.

"चालेल," मी म्हटलं. "किल्ली द्या."

त्या खोलीला एक लहान झरोका होता. ओल भिंतीवर माझ्या खांद्यापर्यंत आलेली. मी जुना एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला आणि दारावर माझ्या हातानं पाटी रंगवली: शीत प्रयोगशाळा. तीन बाजूंना जळमटं, चौथ्या बाजूला संडास, आणि मधे टायटनचा चिखल. मला त्या दिवसांत एक प्रकारची नशा होती. तुम्ही कुठंही ढकला, मी तिथं काम करून दाखवते. दारावरची पाटी कुणीतरी खिळ्यानं खरवडली तेव्हा मी ती आणखी मोठ्या अक्षरात रंगवली.

आणि काम खरंच होऊ लागलं होतं. खूप गार केलेल्या, बर्फाच्या सुयांनी भरलेल्या मिश्रणात एक दिवस छर्रा अर्ध्या वाटेत थांबला. बुडेना. बराच वेळ तसाच अधांतरी. मग एकाएकी सुटला आणि तळाला गेला. पुन्हा केलं तर पुन्हा थांबला. जड छर्रा घेतला तर न थांबता गेला. म्हणजे तो चिखल ठरावीक वजन पेलत होता. असा चिखल जमिनीवर आला तर लगेच पसरणार नाही, साचेल, उंच होईल. मी विभागप्रमुखांना व्हिडिओ दाखवला.

"काचेला चिकटला असेल," ते म्हणाले आणि मोबाइल परत केला.

त्याच सुमाराला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक गोष्ट घडली. मी घरी येत होते आणि खाली आई भाजी घेऊन भेटली. आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो, मागून चौथ्या मजल्यावरच्या बाई. त्यांनी पदर नाकाला लावला. "बापरे, हा कसला वास? ताई, तुम्ही नक्की काम तरी कुठं करता?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. माझ्याशी कित्येक दिवस धड न बोललेली आई.

"माह्यी पोरगी शनीच्या चंद्रावरचा बर्फ बनवते. त्याचा वास हाय. तुमाले तरास होत असन तं जिना हाय बाजूले."

बाई खरंच उतरल्या. दार बंद झालं. मी आईकडं पाहिलं, ती मजल्यांच्या आकड्यांकडं पाहत होती.

"अन् तू आधी आंघोळ कर," ती म्हणाली. "मले अजूनबी आवडत नाई."

दुसऱ्या आठवड्यात ती न सांगता कॉलेजात आली. कुठं बसते माझी पोरगी ते पाहायला. फाटकावर विचारत विचारत मागच्या इमारतीत पोचली. मी दार उघडलं तर ती समोर, आणि तिची नजर माझ्याकडं नव्हती. ती बाजूच्या दारावरची बाईच्या तोंडाची खूण पाहत होती.

"संडासाच्या बाजूले?" तिनं हळू विचारलं.

"आई, आत ये. तुला दाखवते."

ती आत आली नाही. "खुर्चीवर बसन म्हून सांगतलं होतं म्या साऱ्या वस्तीले," ती म्हणाली आणि वळून चालू लागली. मी मागं धावले. ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली होती.

"या मावशी," ते म्हणाले, "काय काम होतं?"

"मले मावशी हॉस्पिटलात म्हणत होते, साहेब. इथं मी याईची आई हावो." तिनं माझ्याकडं बोट केलं. "खोली पाह्यली म्या."

"तात्पुरती व्यवस्था आहे ती. त्यांच्या प्रयोगाला वास असतो, म्हणून..."

"म्हून वासाजवळ वास. समजलं." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आमाले हॉस्पिटलात डबा खायले अशीच जागा दिली होती, संडासाले लागून. आमी साऱ्या बाया ऑफिसच्या दारात बसलो, दुसरी भेटेपर्यंत. माह्यी पोरगी शिकलेली हाय, थे बसत नाई. मंग मी बसते. मले काई घाई नाई, पेन्शन भेटते."

आणि ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "आई, घरी चल. मला दुसरी खोली नको आहे. ती मी मुद्दाम घेतली. त्यांना वाटलं होतं मी पळून जाईन. मी राहून दाखवलं."

"काय दाखवलं?" ती म्हणाली. "का याइले संडासाजवळ ठेवलं तरी चालते, हेच ना?"

इतके दिवस मी जे माझा हट्ट म्हणून मिरवत होते, ते तिनं एका वाक्यात उघडं केलं. राग आला मला, तिचा आणि स्वतःचाही. पण ती चुकीची नव्हती.

ती रोज येऊ लागली. बेसाहून बसनं, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. बाकावर बसायची, मांडीवर हात. घोषणा नाही, भांडण नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली विचारायच्या, "आजी, कोणाला भेटायचं आहे?" ती सांगायची, "कोणाले नाई. माह्या पोरीले खोली पायजे." मुली खिदळायच्या, मग तिच्याजवळ बसायच्या, मग डबे उघडायच्या. खिडकीपाशी बसणारे सर व्हरांड्यातून जाताना मोबाइल कानाला लावून जायचे. एकदा प्राचार्यच थांबले आणि विचारलं, "ह्या कोण?" तिनं त्यांनाही तेच सांगितलं. विभागप्रमुख त्या दिवशी उशिरापर्यंत प्राचार्यांच्या खोलीत होते.

मी तिला पुन्हा घरी चल म्हटलं नाही. मधल्या सुट्टीत मीही माझा डबा घेऊन त्या बाकावर बसू लागले.

शेवटी वरच्या मजल्यावरची भंगार ठेवायची खोली मला मोकळी करून मिळाली. दोन मोठ्या खिडक्या, नळ, विजेची नीट जोडणी. विभागप्रमुखांनी किल्ली देताना म्हटलं, "तुमच्या आईंना सांगा, झालं काम." मी सांगितलं. आई उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "पह्यलेच देल्ली असती तं एवढे दिवस माह्ये गुडघे दुखले नसते." खोली बघायलाही ती वर आली नाही.

सगळं सामान हलवण्यात, डबा पुन्हा जोडण्यात आणि गळती शोधण्यात पावसाळा गेला. पावसाळ्यात तर डब्याच्या खिडकीवर दव गोठून काही दिसायचंच नाही. थांबलेल्या छर्ऱ्यावर लिहून पाठवलेला माझा निबंध एका नियतकालिकाकडून परत आला. त्यांच्या परीक्षकानंही विभागप्रमुखांसारखीच शंका काढली होती, छर्रा नळीच्या काचेला चिकटत असावा. मला वाईट वाटलं, पण शंका रास्त होती. मी रुंद नळी बनवून घेतली, इतकी रुंद की छर्रा काचेपासून लांबच राहील. दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेज रिकामं असताना, मिश्रण गार केलं आणि छर्रा सोडला.

तो मधोमध थांबला. चारी बाजूंना काच दूर, आणि तो त्या दाट, दुधाळ चिखलात स्वस्थ टेकलेला. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मोबाइल तापला.

या वेळी निबंध स्वीकारला गेला. विभागप्रमुखांनी कॉलेजच्या ग्रुपवर फुलांचं चित्र टाकून अभिनंदन केलं आणि मला खोलीत बोलावलं.

"पुढच्या पेपरला विभागप्रमुख म्हणून माझंही नाव जाऊ द्या. पद्धत आहे तशी."

"तुम्ही छर्रा सोडायला या, सर. मग नक्की."

ते आले नाहीत. नाव गेलं नाही.

यंदा माझी बढतीची मुलाखत होती. समोरच्या तज्ज्ञांपैकी एकांनी माझे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "शनीच्या चंद्रावरच्या बर्फाचा विदर्भाला काय उपयोग, ते सांगा."

हा प्रश्न मला कुठंतरी भेटणार हे माहीत होतं. त्यासाठी मी चांगलं उत्तरही तयार ठेवलं होतं, पाइपलाइन, शीतगृहं, बरंच काही. ते माझ्या तोंडातून निघालंच नाही.

"माझ्याआधी आत आलेल्यांना हा प्रश्न विचारलात का, सर?"

"त्यांचा विषय वेगळा होता."

"त्यांनी अंधारात चमकणाऱ्या पावडरीवर काम केलं आहे. मीही केलं आहे. तेव्हा मला कुणी विदर्भाबद्दल विचारलं नव्हतं. आम्ही दूरचं काही पाहायला लागलो की मगच आम्हाला गावाची आठवण करून दिली जाते. मला त्या चंद्रावरचा डोंगर कसा उभा राहतो ते जाणून घ्यायचं आहे. नागपुरात बसून जाणून घ्यायचं आहे. एवढंच."

तज्ज्ञांपैकी एका बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मला बाहेर जायला सांगितलं.

बढती मिळाली नाही. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती.

"त्याईनं काय इचारलं?"

मी सांगितलं.

"अन् तू काय म्हटलं?"

तेही सांगितलं. ती हसायला लागली, इतकी की वाटाणे मांडीवरून सांडले. "मंग कायले देतीन? नाईच देणार." हसू आवरून तिनं डोळे पुसले. "पुढच्या बारीले बी हेच सांगजो. एक अक्षर कमी नाई."

आता मी मिश्रणात थोडं मिथेनॉल घालून पाहते आहे. त्यानं ते आणखी उशिरा गोठतं आणि आणखी दाट होतं. या वेळी किती वजन पेललं जातं ते छर्रा सांगेल, अजून कळलेलं नाही. डबा गार व्हायला दुपारपर्यंत वेळ लागतो. तोवर मी वर्गात शिकवायला जाते. पहिल्या बाकावरच्या मुली सुरुवातीला जरा मागं सरकतात. मी थांबते, फळ्यावर शनी काढते, त्याच्याभोवती चंद्र काढते, आणि हा वास कुठला ते आधी सांगते. मग शिकवायला लागते.